ओळख कामगारानं किती वेळा पटवायची?

कामगारांच्या विमा-पेन्शनचे कायदे एकत्र करणारी सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि आधारचा जुना वाद पुन्हा पेटला. नाव नोंदवायचं असो की लाभ घ्यायचा असो, कामगारानं आपली ओळख आधारनं पटवायची, असं या संहितेचं कलम १४२ सांगतं. त्याआधीच, १ ऑगस्ट २०२५ पासून, भविष्यनिर्वाह निधीत पहिल्यांदा येणाऱ्या कामगाराला मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून आपला यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा एकच क्रमांक, काढावा लागतो. यावर वर्तमानपत्रांतून आणि वाहिन्यांवरून जी चर्चा झाली, ती ऐकून वाईट वाटतं. एक बाजू म्हणते, चोख ओळख पटवल्याशिवाय बोगस नावं गळणार नाहीत. दुसरी म्हणते, ही सरकारी पाळत आहे. दोघंही कार्डावरून भांडतात आणि ज्या विम्यासाठी ते कार्ड मागितलं जातंय, त्याच्याविषयी दोघंही गप्प आहेत.

माझं म्हणणं असं आहे. सामाजिक विम्याचा हक्क काम करण्यातून उभा राहतो. नोंदणी ही त्या हक्काची नुसती नोंद आहे आणि नोंद राहिली किंवा चुकली म्हणून हक्क बुडता कामा नये. त्यामुळे ओळख पटवणं, नोंद नीट ठेवणं, चूक निघाली तर ती निस्तरणं, हे सगळं ओझं काम देणाऱ्यावर आणि विमा चालवणाऱ्या यंत्रणेवर असलं पाहिजे. आज ते जवळजवळ पूर्णपणे कामगाराच्या डोक्यावर आहे. आधार असावं की नसावं हा प्रश्न त्यानंतर येतो, आणि हे ओझं योग्य खांद्यावर गेलं तर त्या प्रश्नाची धारही बरीच बोथट होते.

आधी समोरच्याचं जे खरं आहे ते मान्य करू. २०१४ मध्ये यूएएन येण्यापूर्वी चाकण किंवा अंबडच्या एमआयडीसीतला कंत्राटी कामगार दर नव्या ठेकेदाराकडे गेला की त्याचं नवं पीएफ खातं उघडायचं. मागची खाती तशीच पडून राहायची. क्रमांक लक्षात नाही, ठेकेदाराचा पत्ता नाही, पैसे आपलेच पण हाती लागत नाहीत. एका क्रमांकानं ही हेळसांड बरीच थांबली. चेहरा दाखवून यूएएन काढायला लावण्यामागेही कारण आहे: पूर्वी मालकाचा कारकून नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख हवी तशी भरायचा आणि त्याची शिक्षा कामगाराला निवृत्तीच्या वेळी भोगावी लागायची. बांधकाम कामगारांच्या मंडळात तर नोंदणीसाठी लागणाऱ्या, नव्वद दिवस काम केल्याच्या प्रमाणपत्रांचा बाजार झाला. ज्यांनी आयुष्यात घमेलं उचललं नाही अशांची नावं यादीत शिरली. शिवाय तलाठ्याचा दाखला, नगरसेवकाचं पत्र, ‘साहेब जेवायला गेलेत’ हे सगळं ज्यांनी भोगलंय, त्यांना यंत्रासमोर उभं राहणं कमी अपमानाचं वाटलं तर त्यात नवल नाही. मराठवाड्यातून पुण्याला आलेल्या कुटुंबाला आज गावच्या शिधापत्रिकेवर इथे धान्य मिळू शकतं, तेही याच जोडणीमुळे. हे नाकारून आधारविरोधी बाजू आपलंच म्हणणं पोकळ करून घेते.

आणखी एक गोष्ट त्या बाजूनं लक्षात ठेवायला हवी. देशातलं पहिलं आधार आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी दिलं गेलं. ज्यांच्याकडे एकही कागद नाही त्यांना ओळख देणारी योजना, असं तेव्हा सांगितलं गेलं होतं. कागद नसलेल्यांसाठी तर परिचयकर्त्याची सोय होती: मान्यताप्राप्त व्यक्तीनं ‘मी या माणसाला ओळखतो’ असं सांगितलं की नोंदणी व्हायची. म्हणजे माणसाच्या शब्दाला त्या व्यवस्थेच्या पायातच जागा होती. मग तेच कार्ड हाती आल्यावर माणसाच्या शब्दाची किंमत शून्य कशी झाली? गावात पन्नास वर्षं राहिलेल्या बाईला अख्खं गाव ओळखतं, ग्रामसेवक ओळखतो, बचत गट ओळखतो, फक्त यंत्र ओळखत नाही, आणि निकाल मात्र यंत्राचा.

आमच्या भागातल्या एका सेवा केंद्रात हे मी जवळून पाहिलं आहे. बिगारी काम करणारी साठीला टेकलेली बाई. सिमेंट कालवून कालवून बोटांची टोकं गुळगुळीत झालेली, रेषा म्हणाव्यात अशा उरलेल्याच नाहीत. काउंटरवरचा मुलगा भला होता. “मावशी, हात पुसा. आता ठेवा. दाबू नका एवढं.” अंगठा झाला, तर्जनी झाली, दुसरा हात झाला. दिवा लालच. “दादा, हाच अंगठा परवा बँकेत चालला की,” ती म्हणाली. “इथं नाही येत मावशी. आधार अपडेट करून या.” ते होणार तालुक्याला, म्हणजे एक खाडा आणि एसटीचं भाडं. त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. तो तिला नावानं ओळखत होता, पण त्याच्या पडद्यावर ‘मी हिला ओळखतो’ असं लिहायला जागाच नव्हती. तिला परत पाठवण्याचा निर्णय घेतला कुणी? शोधायला गेलात तर सापडत नाही. नकारावर कुणाची सही नाही, तारीख नाही, कारण नाही. अपील करायचं तर कशाविरुद्ध?

यावर उत्तर येतं की असे प्रसंग अपवादात्मक आहेत. २०१८ मध्ये आधारच्या घटनात्मकतेची सुनावणी चालू असताना, सरकारी सेवांमध्ये शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी वेळा ओळख जुळते, म्हणजे बारा वेळा जुळत नाही, असं आधार देणाऱ्या प्राधिकरणानंच सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं होतं. त्यानंतर तंत्र सुधारलं, चेहऱ्यावरून ओळख आली, झिजलेल्या बोटांना पर्याय मिळाला, हेही खरं. अपवादाची तरतूद कागदावर आहे. २०१६ च्या आधार कायद्याच्या सातव्या कलमातच, आधार क्रमांक मिळालेला नसेल तर ओळखीचा दुसरा मार्ग द्यावा असं म्हटलं आहे; २४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात प्राधिकरणानं बोटं जुळली नाहीत तरी लाभ नाकारू नये असं बजावलं; आणि मे २०२१ मध्ये, बाकीच्या संहितेच्या बऱ्याच आधी, कलम १४२ अमलात आणताना श्रम मंत्रालयानं खुलासा केला की हे माहिती गोळा करण्यापुरतं आहे, आधार नाही म्हणून कुणाचा लाभ थांबणार नाही. आश्वासनं भरपूर आहेत. पण कलमात सक्ती आणि खुलाशात सूट, अशी वाटणी झाली की काउंटरवर काय चालतं? काउंटरवर चालतो तो संगणक, आणि संगणकात परिपत्रक भरलेलं नसतं.

शिवाय विमा म्हणजे काय हे विसरून ही टक्केवारी मांडली जाते. एटीएम आज चाललं नाही तर माणूस उद्या जातो. विम्याची गरज नेमकी तेव्हा पडते जेव्हा माणसाचं सगळंच विस्कटलेलं असतं. परांचीवरून पडून हात मोडलेला गवंडी बोट कुठून लावणार? नवरा गेल्यावर पेन्शनसाठी जाणाऱ्या बाईचा मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला नसतो, जोडलेला असतो तो नवऱ्याचा आणि ते सिम रिचार्ज न केल्यानं बंद पडलेलं. म्हातारपणी चेहरा बदलतो, डोळ्यात मोतीबिंदू होतो. अपघात, मृत्यू, बाळंतपण, म्हातारपण, या चार प्रसंगांसाठीच तर सामाजिक विमा जन्माला आला. त्याच प्रसंगी यंत्रासमोर सर्वांत नीट उभं राहण्याची अपेक्षा त्या माणसाकडून करायची, हे विम्याच्या तत्त्वालाच सोडून आहे.

ओळख आणि वय यांचा हा गुंता काही आपल्यापुरता किंवा आजचा नाही. ब्रिटनमध्ये १९०८ साली वृद्धांसाठी पेन्शनचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना पोस्टातून आठवड्याला पाच शिलिंगपर्यंत मिळू लागले. आयर्लंड तेव्हा ब्रिटनच्याच राज्यात होतं, पण तिथे जन्मनोंदणी सर्वांसाठी सुरू झाली ती १८६४ मध्ये. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याकडे जन्माचा दाखला असणं शक्यच नव्हतं. मग १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेची बाडं उपसून नावं शोधली गेली. आणि ६ जानेवारी १८३९ च्या रात्री आयर्लंडवर जे भयंकर वादळ आलं होतं, ते आठवतं असं सांगणं हाही वयाचा दाखला ठरू लागला. लबाडी झाली का? झालीच. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त अर्ज आले आणि लंडनमध्ये आरडाओरडा झाला. पण अर्जाचा निर्णय स्थानिक पेन्शन समिती करायची, सरकारी अधिकारी आपला आक्षेप नोंदवायचा आणि त्यावर वरच्या मंडळाकडे अपील होतं. तपासणी कडक झाली, तरी कागद नाही एवढ्यावरून म्हाताऱ्याला दारातूनच परत पाठवायचं, हे धोरण झालं नाही.

आपल्याकडे याहून वेगळं काय आहे? आपल्या आजी-आजोबांचं वय पानशेत फुटलं तेव्हा, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलो तेव्हा, असंच मोजलं गेलं. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्यांची संख्या एवढी मोठी का, हे प्रत्येक मराठी माणसाला माहीत आहे: पहिलीत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकली. आधारच्या नोंदणीतही ज्यांनी फक्त अंदाजे वय सांगितलं, त्यांच्या नावापुढे १ जानेवारी लागली. आता या तारखांवर काय काय टांगलेलं आहे बघा. ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी यादीत नाव घालायचं तर वय १६ ते ५९. बांधकाम कामगाराची नोंदणी साठीला संपते. श्रमयोगी मानधन या पेन्शन योजनेचे महिन्याला तीन हजार साठीनंतर सुरू व्हायचे. गुरुजींच्या किंवा ऑपरेटरच्या अंदाजानं कुणाची दोन वर्षं जातात, कुणाची पाच. आणि गंमत म्हणून नव्हे तर दुःखानं सांगतो, भविष्यनिर्वाह निधी संघटनेनं जानेवारी २०२४ मध्ये जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार काढून टाकलं. ते योग्यच होतं, कारण आधार हा वयाचा पुरावा नाहीच. मग ज्याच्याकडे जन्मदाखला नाही, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, त्यानं न्यायचं काय?

नावाची कथा तर याहून गुंतागुंतीची. मराठी बाईच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. बँकेत ‘कमल’, मतदार यादीत ‘कमलबाई’, मुकादमाच्या वहीत ‘कमळाबाई’. ज्ञानेश्वर हे नाव रोमन लिपीत कुणी ‘डी’नं सुरू करतं, कुणी ‘जी’नं; ‘ळ’ ला तर त्या लिपीत अक्षरच नाही. गावातल्या कुठल्याही माणसाला या तिन्ही कमल म्हणजे एकच बाई आहे हे कळायला क्षण लागत नाही, संगणकाला मात्र त्या तीन वेगळ्या व्यक्ती वाटतात. पीएफमधली अशी चूक दुरुस्त करायला वर्षानुवर्षं मालक आणि कामगार दोघांच्या सहीचं जॉइंट डिक्लेरेशन लागायचं. जानेवारी २०२५ मध्ये आधारशी जुळलेल्या नव्या क्रमांकांसाठी ही अट सैल झाली, त्याचं स्वागत. पण ज्याचा कारखाना पंधरा वर्षांपूर्वी बंद पडला, मालक परागंदा झाला, त्या जुन्या कामगाराचीच अडचण सर्वांत मोठी, आणि नेमका तोच या सवलतीच्या बाहेर राहिला. मालकाच्या कारकुनानं केलेली चूक, तिचा हेलपाटा सत्तर वर्षांच्या माणसानं का घालायचा?

मुळात भारतात या विम्याची सुरुवात झाली तेव्हा विचार असा नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात श्रम खात्याचे सदस्य असताना १९४३ मध्ये प्रा. अडारकरांकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखायचं काम दिलं गेलं, १९४४ मध्ये अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायदा घडला. त्या कायद्याचं ६८ वं कलम प्रत्येक कामगार नेत्याला पाठ असायला हवं. मालकानं वर्गणी भरली नाही आणि त्यामुळे कामगाराचा लाभ बुडत असेल, तर महामंडळानं खात्री करून कामगाराला लाभ देता येईल आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करता येईल. आधी माणसाला औषध, मग मालकाशी भांडण. कामावर जखमी झालेल्याला तर किती वर्गणी भरली हे न बघता पहिल्या दिवसापासून संरक्षण. हे तत्त्व नव्या संहितेतही ईएसआयपुरतं टिकून आहे. कारखान्याच्या फाटकाच्या आत ते आहे. फाटकाबाहेरच्या कोट्यवधींना मात्र उलटं तत्त्व लागू आहे.

ई-श्रम बघा. टाळेबंदीत लाखो माणसं पायी घराकडे निघाली तेव्हा कळलं की सरकारकडे त्यांची यादीच नाही. सर्वोच्च न्यायालयानं जून २०२१ मध्ये फटकारलं आणि २६ ऑगस्ट २०२१ रोजी पोर्टल सुरू झालं. आज तिथे तीस कोटींहून अधिक नावं आहेत. हे काम लहान नाही, आणि ज्यांनी उन्हातान्हात शिबिरं लावून नावं भरली त्यांच्याविषयी आदरच वाटतो. पण त्या नोंदीत काय आहे? आधार, त्याला जोडलेला मोबाइल, बँक खातं, आपला धंदा काय हे कामगारानं स्वतः सांगितलेलं. तो कुणाकडे राबतो, त्या माणसावर कोणती जबाबदारी येते, याचं उत्तर त्या नोंदीतून मिळत नाही. कामगार कोण हे आपण बोटाच्या रेषेपर्यंत जाऊन तपासलं आणि मालक कोण हे विचारलंसुद्धा नाही. विम्याच्या एका टोकाला एवढा उजेड आणि दुसऱ्या टोकाला अंधार असेल तर वर्गणी येणार कुठून?

इथे बोगस लाभार्थ्यांचा मुद्दा पुढे येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कामगाराच्या कल्याणाचा पैसा चोरणारा कामगारालाच लुबाडतो. पण ओळख तपासून कोणती चोरी पकडली जाते, हे नीट पाहायला नको का? लाडकी बहीण योजनेच्या अर्जात आधार होतंच. तरी चौदा हजारांहून अधिक पुरुषांच्या नावे पैसे गेल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या. त्यातल्या काहींनी घरातल्या बाईला खातं नसल्यानं आपलं दिलं असेल का, हे तपासू असं सरकारनं म्हटलं. कारण काहीही असो, माणूस कोण हे कळल्यानं तो पात्र आहे की नाही हे कळत नाही, एवढं त्यातून स्पष्ट झालं. आणि उपाय काय निघाला? सगळ्या बायकांनी पुन्हा ई-केवायसी करायची, तीही नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारसह. ज्यांचा नवराही नाही आणि वडीलही नाहीत त्या बायका पडद्यासमोर अडकून बसल्या. त्यांच्यासाठी वेगळी वाट काढावी लागली ती नंतर. तपासणीत उणीव कुणाची राहिली आणि फेरा कुणाला पडला!

बांधकाम मंडळातल्या बोगस नोंदींचंही तसंच. तिथे खोटी होती ती नव्वद दिवसांच्या कामाची प्रमाणपत्रं, माणसं खरीच होती. त्यांचा अंगठा कितीही वेळा घ्या, तो जुळणारच. आणि सामाजिक विम्यातली सर्वांत मोठी चोरी तर अंगठ्याच्या वाटेनं होतच नाही. पगारातून पीएफ कापायचा आणि भरायचाच नाही. शंभर माणसं कामाला आणि हजेरीपटावर अठरा. पगार अठरा हजार आणि कागदावर मूळ वेतन सहा हजार. ही चोरी करणाऱ्याची ओळख पटवायला कॅमेरा लागत नाही, त्याचं नाव फाटकावर रंगवलेलं असतं. तिथे निरीक्षक पाठवण्याची इच्छा हवी.

पाळतीची भीती मांडणाऱ्यांनाही एक उदाहरण सांगावंसं वाटतं. अमेरिकेत १९३५ च्या कायद्यानंतर नोव्हेंबर १९३६ मध्ये सामाजिक सुरक्षेचे क्रमांक द्यायला सुरुवात झाली. कामगारांच्या गळ्यात कुत्र्यासारखे बिल्ले अडकवणार, असा प्रचार निवडणुकीत झाला होता. प्रत्यक्षात पोस्टमन आणि मालकांमार्फत साधे अर्ज वाटले गेले, माणसानं नाव, जन्म, आईवडिलांची नावं लिहिली, आणि पुराव्याचा कागद कुणी मागितला नाही. जून १९३७ पर्यंत तीन कोटींहून अधिक क्रमांक दिले गेले. नव्या अर्जदारांना सरसकट पुरावा मागायला सुरुवात झाली ती १९७८ मध्ये! चाळीस वर्षं ही व्यवस्था कोसळली नाही, कारण वर्गणी मालकाच्या पगारपत्रकातून येत होती. जो माणूसच नाही त्याच्या नावानं वीस वर्षं वर्गणी कोण भरत बसेल? पैशाची नोंद हाच पुरावा होता. दोन डाग मात्र सांगितले पाहिजेत. त्या पहिल्या कायद्यानं शेतमजूर आणि घरकामगार वगळले, म्हणजे ज्यांची नोंद ठेवणं अवघड त्यांनाच बाहेर ठेवलं. आणि तो क्रमांक पुढे बँकेपासून महाविद्यालयापर्यंत सगळीकडे वापरला जाऊ लागला, तेव्हा ओळखचोरीचा धंदा वाढला. १९४६ पासून जवळपास पाव शतक त्या कार्डावर ‘ओळखपत्रासाठी नाही’ असं छापलेलं होतं, ते कुणी पाळलं नाही. क्रमांक असू द्या, पण तो विम्याच्या खात्याचा क्रमांक राहू द्या, ही मागणी पाळतीविरुद्ध लढणाऱ्यांनी लावून धरली तर मी त्यांच्याबरोबर आहे. क्रमांकच नको म्हटलं तर पुण्याहून गावी परतलेल्या मजुराचं खातं पुन्हा हरवेल.

आणि दूर कशाला जायचं? फाटकाबाहेरच्या कामगाराची नोंद कशी करायची, हे देशाला महाराष्ट्रानंच दाखवलं. १९६९ चा माथाडी कायदा अण्णासाहेब पाटलांसारख्यांच्या लढ्यातून आला. हमाल दिवसात दहा गाळ्यांवर पोती उचलतो, मग त्याचा मालक कोणता? कायद्यानं उत्तर दिलं: बोर्ड. व्यापाऱ्यानं बोर्डाकडे नोंद करायची, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक वर्गणी, बोर्डात भरायची, बोर्डानं हमालाला पगार, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना द्यायचा. हमाल ओळखला जातो तो टोळीवरून. टोळीतली माणसं एकमेकांची साक्षीदार. पुढे माथाडीच्या नावावर खंडणी उकळणारे निघाले, खऱ्या हमालांची त्यात बदनामी झाली, हे कबूल. पण त्यानं मूळ विचार खोटा ठरत नाही: नोंदणीची सक्ती मालकावर, साक्ष सहकाऱ्यांची, जबाबदारी बोर्डाची. पुण्यात १९९३ मध्ये उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत याच रस्त्यानं गेली. कचरा वेचणाऱ्या बायकांना कुणीही चोर म्हणून हटकायचं. संघटनेनं त्यांना ओळखपत्रं दिली, महापालिकेनं त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि पुढे त्याच नोंदीवर महापालिकेनं त्यांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरला. या बायका राहतात कुठे, जन्मल्या कधी, यापेक्षा त्या शहराचं कोणतं काम करतात, ही त्यांची ओळख ठरली. बाबा आढावांनी हमालांपासून रिक्षावाल्यांपर्यंत आयुष्यभर हाच धागा धरला होता.

त्यामुळे संहितेच्या अंमलबजावणीत महाराष्ट्रानं आपलं शहाणपण विसरू नये, एवढीच अपेक्षा आहे. कामगार आला, नाव सांगितलं, सोबतच्या दोघांनी किंवा टोळीनं ओळखलं, की त्याच दिवशी नोंद व्हावी. पडताळणी यंत्रणेनं आपल्या वेळेत करावी आणि तोवर लाभ चालू राहावा. नकार द्यायचाच असेल तर तो लेखी, कारणासह, अधिकाऱ्याच्या नावानिशी असावा. साइटवर अपघात झाला तर तिथे असलेला प्रत्येक माणूस विमा उतरवलेला धरावा आणि ६८ व्या कलमासारखी वसुली ठेकेदाराकडून, तो पळाला तर मूळ मालकाकडून व्हावी. खर्च वाढेल, काही लबाड आत येतील. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर आपण वर्षानुवर्षं गोळा करतो आहोत. थोडे लबाड वगळण्यासाठी हजारो खऱ्यांना ताटकळत ठेवण्यापेक्षा तो पैसा पडताळणीच्या माणसांवर खर्च झालेला बरा.

सुरुवात ऊसतोडीपासून करता येईल. बीड, अहिल्यानगर, जालन्याकडची जोडपी दिवाळीच्या सुमाराला निघतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल घेतली ती नवऱ्याच्या नावानं, आणि मोळ्या डोक्यावर वाहून ट्रॉलीत चढवणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच कागदावर नाही. लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ झालं, ग्रामसेवकांमार्फत ओळखपत्रं द्यायचं ठरलं, ते चांगलंच आहे. पण ओळखपत्रावरून ती कोण हे कळेल, तिनं काम केलं हे कसं कळणार? कारखान्याच्या संगणकात प्रत्येक खेपेची नोंद असते: ऊस कोणत्या गावचा, कोणत्या शेतकऱ्याचा, लागण कधीची, कोणत्या वाहनातून आला, काट्यावर वजन किती भरलं, कोणत्या मुकादमाच्या टोळीनं तोडला. त्याच पावतीवर तोडणाऱ्या दोघांची नावं आली तर हंगाम संपताना तिच्या हातात शंभर-सव्वाशे दिवसांच्या कामाचा असा पुरावा असेल, जो खुद्द कारखान्याच्या काट्यानं दिलेला आहे. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही, नवं कार्ड लागत नाही. साखर आयुक्तांनी गाळप परवाना देताना ही एक अट घालावी, आणि ती पुढच्या टोळ्या गावातून निघायच्या आत घालावी.